हौशी सायकलपटूची अंतिम झेप : बलविचार, व्यायाममात्रा आणि औषधदानातील सावधानता

सायकलच्या रस्ता-शर्यतीत सत्तर-ऐंशी किलोमीटरचे अंतर पहिल्या घोळक्याबरोबर विनासायास कापणारा स्पर्धक शेवटच्या दोनशे मीटरमध्ये आठ-दहा जणांच्या मागे पडतो, आणि पुढच्या आठवड्यात वैद्याकडे येऊन ‘काहीतरी ताकदीचे द्या’ अशी मागणी करतो. गेल्या काही वर्षांत पुणे, सांगली, नाशिक या भागांत हौशी सायकलपटूंची संख्या वाढल्यापासून हा प्रसंग अनेक वैद्यबंधूंच्या अनुभवास आला असेल. अशा व्यक्तीस रुग्ण म्हणावे की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू. स्वस्थाच्या बलाचे रक्षण व वर्धन हे आपल्या शास्त्राचे पहिलेच प्रयोजन असल्याने त्यास रिक्तहस्ते परत पाठविणे योग्य नव्हे. परंतु हाती काय द्यावे व काय देऊ नये, याविषयी आमची एक चूक झाली. ती सांगावयाची असल्यामुळेच हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो.

प्रथम या ‘शेवटच्या दोनशे मीटर’चे स्वरूप पाहू, कारण ते न समजता केलेली चिकित्सा अंधारात मारलेल्या दगडाप्रमाणे होते. ताशी ५० किलोमीटर वेगाने दोनशे मीटर अंतर तोडण्यास सुमारे साडेचौदा सेकंद लागतात. म्हणजे सर्व कर्म पंधरा सेकंदांच्या आत संपते. एवढ्या अल्प काळात श्वासाने घेतलेल्या प्राणवायूवर स्नायूंचे काम चालत नाही. पहिली आठ-दहा सेकंदे स्नायूंत साठलेल्या फॉस्फोक्रिएटिनवर आणि त्याबरोबरच स्नायूंतील साखरेच्या जलद विघटनावर ते चालते. हा फॉस्फोक्रिएटिनचा साठा एकदा रिता झाला की साधारणतः अर्ध्या मिनिटात निम्मा भरून येतो, पूर्ववत होण्यास मात्र तीन ते पाच मिनिटे लागतात. पुढे व्यायाममात्रेचा विचार करताना ही गोष्ट उपयोगी पडेल.

दुसरा प्रतिस्पर्धी वारा होय. सपाट रस्त्यावर या वेगास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ५० चे ५५ करावयाचे तर सुमारे एक तृतीयांश अधिक शक्ती लागते. उलटपक्षी शक्ती एक दशांशाने वाढविली तरी वेग जेमतेम तीन टक्क्यांनी वाढतो. हे ऐकून निराश होण्याचे कारण नाही. दोनशे मीटरमध्ये तीन टक्के म्हणजे सहा मीटर, अर्थात तीनहून अधिक सायकलींची लांबी. परंतु पुढच्या चाकामागे चिकटून राहिल्याने वाऱ्याचा विरोध पाव ते एक तृतीयांश इतका, मोठ्या घोळक्यात त्याहूनही अधिक कमी होतो. आणि कोपरे वाकवून, डोके खाली घेऊन, हँडलच्या खालच्या वळणास धरल्याने आणखी लाभ होतो. जो स्पर्धक पाचशे मीटरवरूनच घोळक्याबाहेर पडून एकट्याने वारा कापू लागतो, त्यास जगातील कोणताही पाक वा अवलेह वाचवू शकणार नाही. समोरून वारा असेल तर उशिरा, पाठीमागून असेल तर किंचित लवकर बाहेर पडावे, इतके तरी त्यास सांगावे.

गिअरची चूक तर फारच सार्वत्रिक आहे. अंतिम क्षणी सर्वांत जड गिअर टाकला की वेग सर्वाधिक होणार, अशी समजूत असते. पुढे ५३ दाते व मागे ११ दाते असता पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे दहा मीटर पुढे जाते. म्हणजे ताशी ५० किलोमीटरला मिनिटाला केवळ ८२ फेरे होतात. स्नायूंची सर्वाधिक क्षणिक शक्ती मात्र बहुतेक व्यक्तींत मिनिटाला ११० ते १३० फेऱ्यांच्या आसपास प्रकट होते. मागे १४ दाते ठेवले तर त्याच वेगाला १०५ फेरे पडतात आणि झेप घेण्यास जागा राहते. वेग वाढला की मग एकेक दात उतरवावा. आमच्याकडे आलेल्या एका स्पर्धकाचा निम्मा आजार याच ठिकाणी होता, असे आता वाटते.

हे गृहस्थ वय वर्षे ३१, एका पतसंस्थेत नोकरीस. आठ वर्षे सायकल चालवीत होते. रोज पहाटे साठ किलोमीटर, नेहमी एकाच मध्यम गतीने. मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ ज्या बोरघाटात ठरतो, तो चढ आपण टोळीबरोबर चढू शकतो, असे ते अभिमानाने सांगत. परंतु सपाटीवरील शेवट त्यांना जमत नसे. प्रकृती वातपित्तप्रधान, कोष्ठ क्रूर, रात्रीचे भोजन साडेदहानंतर, झोप साडेपाच तास. पहाटे निघताना आदल्या रात्रीचे अन्न अंगावर असल्याची तक्रार. सोबत एक प्लास्टिकची बरणी होती. व्यायामशाळेतील मित्राने दिलेले ‘आयुर्वेदिक पॉवर चूर्ण’. त्यावर ना घटकद्रव्ये, ना परवाना क्रमांक, ना निर्मितीची तारीख.

चरकाचार्यांनी बल त्रिविध सांगितले आहे. सहज, कालज व युक्तिकृत. स्प्रिंटचा विचार या तिन्हींत फार चपखल बसतो. स्नायूंत जलद आकुंचन पावणाऱ्या तंतूंचे प्रमाण पुष्कळ अंशी जन्मजात असते. ते सहज बल. तेथे वैद्याने आश्वासन देऊ नये. कालज बलात वय व ऋतू दोन्ही येतात. आपल्याकडील बऱ्याच शर्यती हेमंत-शिशिरात होतात, हा एक सुयोगच म्हणावयाचा. राहिले युक्तिकृत बल, अर्थात आहार, चेष्टा व विश्रांती यांच्या योजनेने मिळविलेले. वैद्याचे क्षेत्र एवढेच, आणि ते लहान नाही.

आता खरी अडचण. स्प्रिंटचा सराव पूर्ण शक्तीनेच करावा लागतो. निम्म्या जोराने शंभर वेळा केलेली स्प्रिंट ही स्प्रिंटच नव्हे. आपले शास्त्र तर बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यासही शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीने, इतर ऋतूंत त्याहून कमी व्यायाम करावयास सांगते, आणि अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, प्रतमक, रक्तपित्त, श्रम, क्लम, कास, ज्वर, छर्दी संभवतात असा इशारा देते. बलाबाहेरचे साहस करणाऱ्यास हत्तीला ओढणाऱ्या सिंहाची दिलेली उपमा सर्वांना स्मरत असेलच. मग पूर्ण जोराच्या सरावास अनुमती कशी द्यावी?

आमचे मत असे की, अर्धशक्ती ही मर्यादा दिवसाच्या एकूण व्यायाममात्रेस लावावी, प्रत्येक क्षणाच्या जोरास नव्हे. ओझे उचलणारा हमाल प्रत्येक पोते पूर्ण जोरानेच उचलतो; निम्म्या जोराने पोते उठतच नाही. त्याची अर्धशक्ती पोत्यांच्या संख्येत मोजली जाते. कपाळ, नासिका, काखा व सांध्यांवर घाम येणे, मुखशोष होणे, श्वास तोंडाने वाहू लागणे ही शास्त्रोक्त लक्षणे पंधरा सेकंदांच्या आवेगात तत्काळ दिसत नाहीत, आवेग संपल्यावर दिसतात. म्हणून ती आवेगाच्या वेळी न पाहता दोन आवेगांमधील विश्रांतीत पाहावीत. चार-पाच मिनिटांनंतरही श्वास मुखानेच चालत असेल, तर त्या दिवशी पुढचा आवेग करू नये. या अर्थनिर्णयाबाबत मतभेद संभवतो. ज्येष्ठांनी याविषयी लिहावे, आम्ही ते आदराने वाचू.

या भूमिकेवरून आम्ही सदर गृहस्थांना जो क्रम सांगितला तो असा. आठवड्यातून केवळ दोनच दिवस, मध्ये किमान ४८ तासांचे अंतर ठेवून. दोन्ही दिवशी वीस-पंचवीस मिनिटे हलक्या गतीने अंग तापवून घेणे. पहिल्या दिवशी चालण्याच्या गतीवरून, किंचित जड गिअरमध्ये, सीटवरून उठून आठ सेकंदांचा पूर्ण जोर. असे सहा वेळा; प्रत्येकानंतर चार ते पाच मिनिटे अगदी सावकाश पेडल. दुसऱ्या दिवशी मित्राच्या चाकामागे किंवा सौम्य उतारावर आधीच वेग घेऊन, हलक्या गिअरमध्ये, बारा सेकंद. असे पाच वेळा. हिशेब केला तर एका दिवशी जोराचे काम एक मिनिटाहून अधिक होत नाही. ‘दीड तासात एक मिनिट? ही तर चेष्टा झाली,’ असे ते म्हणाले. चौथ्या आठवड्यात मात्र पाचव्या आवेगानंतर पाय कसे होतात हे त्यांनीच आम्हांस वर्णून सांगितले. आणि एक नियम कडक : वेग स्पष्टपणे घसरलेला दिसला की संख्या पुरी झाली नसली तरी सायकल घराकडे वळवावयाची. थकल्या पायांनी केलेला सराव शरीरास संथपणाच शिकवितो.

उरलेल्या दिवसांपैकी एक दिवस पूर्ण विश्रांतीचा, बाकीचे सौम्य गतीचे. पंधरवड्यातून एकदा लांब फेरीच्या शेवटी दोन आवेग, कारण शर्यतीत झेप ही ताज्या पायांनी घ्यावयाची नसते. याशिवाय खांद्यावर वजन घेऊन बैठका, जाणकार शिक्षकाच्या देखरेखीखाली, आठवड्यातून दोनदा, थोड्या संख्येने व जड वजनाने. याचा सायकलपटूंच्या क्षणिक शक्तीस निश्चित लाभ होतो. रस्ते ओले असल्याने हा भाग पावसाळ्यात करण्याकडे सर्वांचा कल असतो. वर्षा ऋतूत अग्नी मंद व बल अल्प असते, हे ध्यानात घेऊन तेव्हा संख्या आणखी कमी ठेवावी.

पूर्ण जोराची अनुमती देण्यापूर्वी परीक्षण मात्र नीट करावे. छातीत दुखणे, व्यायाम करताना भोवळ येणे, घराण्यात तरुण वयात आकस्मिक मृत्यू यांपैकी काही असेल, किंवा पस्तिशीनंतर एखादा प्रथमच असा सराव आरंभीत असेल, तर हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवून मगच पुढे जावे. हिमोग्लोबिन पाहावे; शाकाहारी व अल्पाहारी सायकलपटूंत पांडुत्व लपलेले असते आणि तो ‘ताकद कमी’ म्हणूनच सांगतो. गुडघ्याच्या पुढील भागात वेदना असेल तर तेल व गुग्गुळ देण्याआधी सीटची उंची विचारावी. बहुधा ती कमी असते.

आहाराविषयी फार लिहीत नाही, वाचकांस ते ज्ञात आहे. भोजन आठच्या आत, झोप आठ तासांची, हे दोन बदल पथ्य म्हणून सांगितले व तेच सर्वांत कठीण गेले. शर्यतीच्या दिवशी तीन तास आधी पोहे वा शिरा. दीड तासाहून लांब शर्यतीत दर तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्ट वा साखर पोटात जाईल अशा बेताने केळे, खजूर, राजगिऱ्याची वडी, गुळाचे पाणी. डाळ, दूध, अंडी यांतून प्रथिने पुरेशी असावीत. अजीर्ण असता व्यायाम वर्ज्य आहे, हा शास्त्राचा निर्बंध शर्यतीच्या आदल्या रात्री आग्रहाने तूप-मिष्टान्न वाढणाऱ्या घरच्या मंडळींनाही समजावून द्यावा.

आता औषध. अश्वगंधेविषयी प्रत्येक जण विचारतो. २०१२ साली जर्नल ऑफ आयुर्वेद अँड इंटिग्रेटिव्ह मेडिसिन या नियतकालिकात भारतातील ४० उच्च दर्जाच्या सायकलपटूंवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अश्वगंधामुळाचा अर्क ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आठ आठवडे देण्यात आला आणि प्राणवायू ग्रहणाची कमाल क्षमता व थकवा येईपर्यंतचा काळ यांत वाढ आढळली. पण वाचकांनी लक्षात घ्यावे की ही मोजमापे दमसासाची आहेत, पंधरा सेकंदांच्या झेपेची नव्हेत. २०१० सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात अश्वगंधा व अर्जुन यांच्या प्रयोगात क्षणिक शक्ती व वेग यांतही अश्वगंधेने काही वाढ नोंदली गेली. ते ४० जण मात्र सर्वसाधारण निरोगी तरुण होते, सायकलपटू नव्हेत. एवढ्या आधारावर ‘स्प्रिंट वाढविणारे’ असे लेबल छापणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. शिवाय अश्वगंधेच्या सेवनानंतर यकृतविकाराची प्रकरणे अलीकडे प्रसिद्ध झाली आहेत. कामलेचा पूर्वेतिहास असणाऱ्यास ती देऊ नये व इतरांसही मुदत ठरवूनच द्यावी.

आमची चूक अश्वगंधेत नव्हती. ती बिनलेबलाची बरणी आम्ही मोठ्या ऐटीत बंद करावयास लावली, आणि अग्निमांद्यासाठी स्वतः अग्नितुंडी वटी दिली. विषय अजीर्णाचा, योग प्रसिद्ध, मात्रा शास्त्रोक्त. चार दिवसांनी त्यांचा दूरध्वनी आला. राष्ट्रीय स्पर्धेसाठीच्या राज्य संघात त्यांची राखीव खेळाडू म्हणून निवड झाली होती आणि उत्तेजक द्रव्यांविषयीचा एक छापील कागद हाती पडला होता. ‘तुमच्या गोळ्यांत यातले काही नाही ना?’ आम्ही क्षणाचाही विचार न करता ‘नाही’ असे उत्तर दिले. रात्री भोजनास बसलो असता मनात पाठ म्हणावा तसा योग म्हटला आणि शेवटच्या द्रव्यापाशी थबकलो. इतर सर्व द्रव्यांइतका विषमुष्टी. म्हणजे कुचला, म्हणजे स्ट्रिक्नीन. हे नाव जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत स्पर्धाकाळात निषिद्ध उत्तेजक म्हणून स्पष्ट लिहिलेले आहे. शोधन केल्याने कुचल्यातील विषद्रव्य कमी होते, नाहीसे होत नाही. आणि मूत्रपरीक्षा शोधनसंस्कार विचारीत नाही. त्याच रात्री त्यांना कळवून गोळ्या थांबविल्या. स्पर्धेस तीन आठवड्यांहून अधिक अवकाश होता, म्हणून निभावले. स्पर्धा आठ दिवसांवर असती आणि ते विचारावयास विसरले असते तर काय झाले असते, याचा विचार आजही सुखद नाही.

कारण या नियमांत दोष खेळाडूचाच धरला जातो. वैद्याने दिले, लेबलवर नव्हते, हेतू नव्हता, या सबबींनी शिक्षा कदाचित सौम्य होईल. परंतु शरीरात काय जाते याची जबाबदारी त्याची राहते, आणि बंदी दोन ते चार वर्षांची असू शकते. भारतात २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्याने या व्यवस्थेस वैधानिक आधार मिळाला आहे. हौशी म्हणविणारा स्पर्धकही राज्य वा राष्ट्रीय स्पर्धेत उतरला की तिच्या कक्षेत येतो. नोकरीतील खेळाडू-कोट्यावर ज्याची आशा आहे, त्याच्यासाठी तो चार अक्षरांचा शेरा आयुष्यभराचा ठरतो.

यानंतर आम्ही आपल्याच कपाटाची झडती घेतली. जे आढळले ते वैद्यबंधू व औषधालयचालक यांच्यासमोर ठेवतो. कुचला : अग्नितुंडी, विषतिंदुक वटी, नवजीवन रस. सोमलता : दम्या-खोकल्यावरील कित्येक पेटंट औषधांत असते. तिच्यातील एफेड्रिन मूत्रात प्रति मिलिलिटर दहा मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक आढळल्यास स्पर्धाकाळात दोष मानला जातो. बलेतही एफेड्रिनवर्गीय द्रव्यांचा अल्प अंश नोंदला गेला आहे. अभ्यंगास बला तेल वापरण्यास हरकत दिसत नाही, परंतु बलाचूर्णाचे दीर्घ सेवन स्पर्धकास सुचवू नये. भांग : शार्ङ्गधरोक्त जातिफलादि चूर्ण, मदनानंद मोदक, आणि बीजरूपाने नारदीय लक्ष्मीविलास. सर्दीवर सहज दिला जाणारा हा योग या यादीत पाहून आम्हांसही आश्चर्य वाटले. अहिफेनयुक्त सर्व योग. आणखी एक द्रव्य फारसे कोणास ठाऊक नाही. हिजेनामाइन हे २०१७ पासून यादीत नावानिशी आले असून ते स्पर्धाकाळातच नव्हे, सर्वकाळ निषिद्ध आहे. ते कमळबीजातील हिरव्या अंकुरात व वत्सनाभाच्या कुळातील काही वनस्पतींत सापडते. ही यादी दर वर्षी १ जानेवारीपासून नव्याने लागू होते. आमची टिपणे म्हणूनच परिपूर्ण समजू नयेत.

औषधालयचालकांस विशेष विनंती. विषमुष्टी, अहिफेन, भंगा, धत्तूर, वत्सनाभ ही द्रव्ये औषध नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये आहेत आणि त्यांच्या पोटात घ्यावयाच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना असलेली डबी खेळाडूस ओळखीने, चिठ्ठीविना देऊ नये. बिनलेबलाची ‘शक्तिवर्धक’ चूर्णे तर दुकानात ठेवूच नयेत. त्यांत आधुनिक स्टेरॉइडे मिसळली जातात व बदनामी आपल्या शास्त्राची होते. आम्ही आता केसपेपरवर वय, वजन, व्यवसाय यांखाली ‘स्पर्धात्मक खेळ : होय/नाही, पुढील स्पर्धा केव्हा’ ही एक ओळ छापून घेतली आहे. उत्तर होय असल्यास रसकल्प टाळून, शक्यतो एकद्रव्यी वा अल्पद्रव्यी योग, परिचित निर्मात्याचे, घटनाक्रमांक टिपून देतो; सर्व घटकांची यादी लिहून हातात ठेवतो आणि ती संघाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास दाखविण्यास सांगतो.

सदर गृहस्थांना पुढे अग्निमांद्यासाठी भोजनारंभी हिंग्वाष्टक चूर्ण व जेवणाची वेळ बदलणे एवढेच पुरले. बारा आठवड्यांच्या सरावानंतर वेग घेऊन तोडलेल्या दोनशे मीटरची वेळ १५.१ सेकंदांवरून १४.५ वर आली. हाताने घेतलेली वेळ, एकच व्यक्ती, दोन दिवसांचा वारा सारखा असल्याची खात्री नाही. गिअर व बसण्याची ढब बदलल्याचा वाटा किती व पायांच्या बलाचा किती हे सांगता येत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत राखीव असल्याने त्यांना उतरावयास मिळाले नाही. त्यानंतरच्या जिल्हा शर्यतीत ते चौथे आले. सध्या ते तिसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकाने डावीकडून कशी वाट अडविली हे सांगण्यासाठी येतात, आणि औषध मागत नाहीत.